गंजलेलं लोखंड आणि पाण्यात विरघळणारे क्रेयॉन : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

चित्रमालिकेचा विषय पक्का झाला: गंजलेलं लोखंड. कुलूप, साखळी, बिजागरी, बादलीचा बूड आणि एक मोठा पत्रा. माध्यम एकच, पाण्यात विरघळणारे क्रेयॉन. खाली अ‍ॅक्रिलिकचा थर नाही, वर जलरंगाचा हात नाही आणि शेवटी पेनने रेषा उठावदार करायची नाही. हे खडू आतापर्यंत माझ्या मिश्र माध्यमातल्या चित्रांत मदतीला असायचे. कुठे पोत हवा, कुठे पटकन एखादा ठसठशीत रंग हवा की हात त्यांच्याकडे जायचा. या वेळी सगळा भार त्यांच्यावरच टाकायचा आहे. चित्र उभं राहिलं तर त्यांच्या जोरावर, पडलं तरी त्यांच्यामुळेच.

क्रेयॉन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लहान मुलांची चित्रकलेची वही येते. माझं म्हणणं असं आहे की या खडूत रेखाटन आणि रंगकाम यांच्यामधली भिंतच नाही. कोरडा ओढला की रेषा, ओला ब्रश फिरवला की रंग, आणि या दोन अवस्थांमध्ये कुठे थांबायचं ते चित्रकाराच्या हातात. हे थांबणं ज्याला जमलं त्याच्या हातात हे पूर्ण माध्यम आहे.

७ जानेवारी

काम सुरू करण्याआधी कांडीत काय असतं ते नीट समजून घेतलं. साधा मेणखडू पॅराफिनसारख्या मेणात बांधलेला असतो आणि ते मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणून तर मेणखडूने काढलेल्या रेषेवर जलरंग फिरवला की पाणी थेंबाथेंबांनी बाजूला सरकतं. पाण्यात विरघळणाऱ्या खडूत बांधणीच वेगळी: पाण्यात मिसळणारी मेणं किंवा मेणाला पाण्याशी जुळवून घेणारे साबणासारखे घटक, त्यात रंगद्रव्य आणि भर म्हणून पांढरी भुकटी. ओला ब्रश लागला की बांधणी सैल होते आणि रंगद्रव्य मोकळं होऊन कागदावर पसरतं.

या एका गोष्टीतून पुढचं सगळं निघतं. पांढऱ्या भुकटीमुळे बरेच रंग जलरंगासारखे पारदर्शक न राहता थोडे ग्वाशकडे, म्हणजे अपारदर्शक जलरंगाकडे, झुकतात. मेणामुळे वाळलेल्या थराला मंद तुकतुकी येते. आणि बांधणी कायम पाण्याला वश असल्यामुळे वाळलेला थर पुन्हा ओला केला की पुन्हा हलतो. अ‍ॅक्रिलिकसारखं इथे काहीच कायमचं घट्ट होत नाही. हा स्वभाव गृहीत धरूनच चित्राची आखणी करावी लागते.

पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल याच घराण्यातली आणि वयाने बरीच मोठी. स्वित्झर्लंडच्या कारान दाश कंपनीने तशी पेन्सिल १९३१ साली प्रिस्मालो या नावाने आणली. पेन्सिलीला टोक असतं, लाकडाचं कवच असतं, आणि हात मनगटातून चालतो. खडूला कवच नाही, तो आडवाही धरता येतो आणि हात खांद्यातून फिरतो. मोठा कागद समोर असला की हा फरक लगेच जाणवतो.

१२ जानेवारी

कागद. यावर वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला.

पातळ ड्रॉइंग पेपर लगेच बाद. खडूचा दाब आणि वर पाणी, दोन्ही सोसवत नाहीत. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कापसाचा, कोल्ड प्रेस्ड कागद सर्वांत भरवशाचा वाटला. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर खडू उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात. पाणी फिरवलं की रंग खळग्यांत उतरतो आणि उंचवट्यांवर मेणाचा एक दाट ठिपका मागे राहतो. म्हणजे एकाच रेषेत दोन पोत मिळतात. गंजासाठी याहून चांगलं काय हवं?

हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत, कागदावर रेषा सरळ, अखंड जाते आणि पाणी लागलं की जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. बिजागरीच्या चित्रात, जिथे धातूचा न गंजलेला गुळगुळीत भाग दाखवायचा आहे, तिथे हाच वापरेन. रफ कागदावर मात्र खळगे इतके खोल की रंग भरताना खडू झरझर झिजतो. छोट्या चित्राला तो मानवत नाही.

कागद ओला करून, गम टेपने फळीवर ताणून घेतला आहे. ३०० जीएसएमला ताणायची गरज नसते असं म्हणतात, पण या माध्यमात पाणी ठिकठिकाणी, कमीजास्त पडतं. कागदाला पोक आला की पाणी खोलगट जागी साचतं आणि तिथे मेणाची कड तयार होते. ती कड नंतर निघत नाही.

२० जानेवारी

पहिलं चित्र, कुलूप.

सुरुवात पिवळ्या ऑकरने केली, खडू आडवा धरून, अगदी हलक्या हाताने. त्यावर बर्न्ट सिएना, मग गडद भागात उंबर. तोवर पाण्याचा थेंब नाही. कोरड्या अवस्थेत हे चित्र फार कच्चं दिसतं, रंग एकमेकांवर नुसते बसलेले असतात. धीर धरून टोनांची सगळी मांडणी कोरडीच पूर्ण केली.

मग ब्रश. सहा नंबरचा गोल, पाण्यात बुडवून कापडावर टिपलेला, म्हणजे ओला पण न ठिबकणारा. कडीच्या वळणावर सावलीच्या बाजूने तो टेकवला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मेणाला पाणी धरायला एक श्वास घ्यावा लागतो. मग उंबरच्या कडा फुगल्यासारख्या झाल्या, रेषेच्या आतून एक तांबूस छटा बाहेर आली आणि खालचा ऑकर तिच्यात मिसळून कडीला गोलाई आली. कोरडं असताना तीन रंग होते. ओलं झाल्यावर गंज झाला.

किल्लीच्या भोकाभोवती मुद्दाम पाणी नेलं नाही. तिथे खडूचे कोरडे फटकारे तसेच ठेवले. खरबरीत, उजेडात चमकणारे. नजर आपोआप तिथेच जाते, कारण सगळ्या मऊ पृष्ठभागात तेवढी एकच जागा रुक्ष आहे. मालिकेचं व्याकरण इथे सापडलं असं वाटतं: पाणी कुठे न्यायचं यापेक्षा कुठे नाही न्यायचं हे आधी ठरवायचं. जलरंगात पांढरा कागद राखून ठेवतात, तसं इथे कोरडी रेषा राखून ठेवायची.

क्रमाची नोंद: ब्रश नेहमी फिक्याकडून गडदाकडे. गडदातून फिक्याकडे नेला की उंबर सगळीकडे पसरतो आणि ऑकर मेलाच समजायचा. आणि प्रत्येक रंगछटेनंतर ब्रश धुवायचा, नुसता पुसून चालत नाही, केसांच्या मुळाशी मेण साठतं.

३ फेब्रुवारी

टिकाऊपणाचा प्रश्न. हे माध्यम गंभीरपणे घेतलं जात नाही यामागे वहीतल्या चित्रांच्या आठवणीपेक्षाही हे कारण मोठं आहे, आणि ते रास्त आहे. चित्र विकत घेणाऱ्याला रंग उडणार नाही असा विश्वास हवा.

ऑइल पेस्टलचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. जपानच्या साकुरा कंपनीने १९२५च्या सुमारास ते बाजारात आणलं तेव्हा समोर शाळेतली मुलं होती. १९४९ साली फ्रान्समध्ये आंरी सेनेलिए यांनी पिकासोसाठी चित्रकारांच्या दर्जाचं ऑइल पेस्टल बनवलं आणि त्यानंतर त्याच माध्यमाकडे बघण्याची दृष्टी बदलली. कांडी कांडीच राहिली, आतलं रंगद्रव्य बदललं. पाण्यात विरघळणाऱ्या खडूंनाही हीच फूटपट्टी लावायला हवी.

चांगल्या कंपन्या प्रत्येक रंगाला प्रकाशात टिकण्याबद्दल तारांकित श्रेणी देतात. ती बघून घ्यावीच, पण प्रत्येक कंपनीच्या ताऱ्यांचा अर्थ सारखा नसतो, त्यामुळे घरची चाचणी हवी. जानेवारीत कामाला लागण्याआधीच प्रत्येक कांडीची पट्टी त्याच कापसाच्या कागदावर काढली, अर्धी पाणी फिरवलेली, अर्धी कोरडी. निम्मा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याखाली झाकून पट्ट्या उन्हाच्या खिडकीत लावल्या आहेत. सोबत ब्लू वूल कार्ड आहे. निळ्या रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या, पहिली सर्वांत लवकर फिकी पडणारी, आठवी सर्वांत चिवट, आणि प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या साधारण दुप्पट काळ टिकणारी. खिडकीत ऊन किती पडलं याचा हिशेब त्यामुळे राहतो.

गंज हा विषय निवडताना हे डोक्यात नव्हतं, पण आता फार समाधान वाटतं. ऑकर, सिएना, उंबर, तांबडी माती हे सगळे रंग मुळात लोखंडाचे ऑक्साइड. रंगद्रव्यांच्या यादीत पीवाय ४२ म्हणजे पिवळं आयर्न ऑक्साइड, पीआर १०१ म्हणजे लाल, पीबीके ११ म्हणजे काळं. गुहाचित्रांमधल्या तांबड्या मातीपासून ही द्रव्यं वापरात आहेत आणि प्रकाशाचा त्यांच्यावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. समोरच्या कुलपावर जे चढलं आहे त्याच्याच नात्यातलं द्रव्य कागदावर चढतं आहे.

१८ फेब्रुवारी

साखळी. इथे वेगळी रीत हवी होती, कारण प्रत्येक कडीची कड धारदार आणि आतला गंज पापुद्र्यांचा.

खडूचं टोक पाण्यात बुडवून लगेच रेषा ओढली. अशी रेषा जवळजवळ रंगाच्या लगद्यासारखी बसते, दाट, अपारदर्शक, आणि वाळल्यावर किंचित उंच राहते. तीन-चार फटकाऱ्यांतच टोकाचा ओला थर संपतो आणि रेषा आपोआप कोरडी, तुटक होत जाते. साखळीच्या उजेडातल्या कडेला हा बदल फार शोभतो. मुद्दाम करायला गेलं तर इतका सहज येत नाही.

पापुद्र्यांसाठी ओल्या कागदावर कोरडा खडू. कागद पाण्याने चकचकीत असताना नको, चकाकी गेल्यानंतर. बोटाच्या पाठीला गार लागतो पण पाणी दिसत नाही, ती वेळ. तेव्हा ओढलेली रेषा दोन्ही बाजूंना थोडी विस्कटते आणि मधला गाभा गच्च राहतो. आधी ओढली तर ती विरून जाते आणि कागदाचा वरचा पदरही खरवडला जातो.

रंगांबद्दलही एक नोंद. गंज एकरंगी नसतो. नवा गंज नारिंगी, जुना तपकिरी आणि धातूला चिकटून काळपट थर. त्यामुळे चित्रातही क्रम तोच ठेवला: तळाशी काळा, मग तपकिरी, सर्वांत वर नारिंगी. थरांचा खरा क्रम पाळला की पापुद्रा आपोआप सुटा दिसतो, त्याला वेगळी सावली द्यावी लागत नाही.

६ मार्च

मोठा पत्रा. पूर्ण कागद, ५६ बाय ७६ सेंटीमीटर.

एवढ्या आकारात कांडीने सगळं भरत बसणं हाताला आणि कांडीला दोन्हींना जड जातं. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, बारीक पॉलिश पेपरवर खडू घासून भुकटी केली, ती ओलसर कागदावर शिंपडली आणि वरून पाण्याचा फवारा सोडला. प्रत्येक कण विरघळून स्वतःभोवती छोटासा डाग करतो. पावसात भिजून वाळलेल्या पत्र्यावर असेच डाग असतात. दोन, मोठ्या वॉशसाठी, म्हणजे पाणीदार रंगाच्या पसरट हातासाठी, ओला ब्रश थेट कांडीवर घासून रंग उचलला, जलरंगाच्या वडीवरून उचलतात तसा. त्याने पातळ, स्वच्छ वॉश मिळतो, खाली खडूचा ओरखडा राहत नाही.

अडचण थरांची. तिसऱ्या-चौथ्या ओल्या थराला खालचं सगळं पुन्हा हलायला लागतं, आणि भुकटीमुळे अपारदर्शक असलेले रंग एकमेकांत गेले की मातकट, निर्जीव राखाडी तयार होते. उपाय एकच: ओले थर दोनच. त्यानंतरचं सगळं काम कोरडं. हवंच असेल तर कोरड्या खडूवर ब्रशचं टोक एकदाच, न घासता टेकवायचं आणि उचलायचं. पुढेमागे करायचं नाही.

पांढरा खडूही इथे जपून. सुका वरून लावला तर उत्तम, धातूवरचा चटका उजेड मिळतो. पाण्याने इतर रंगांत मिसळला तर सगळा पत्रा पिठूळ होतो.

खरवडण्याचं काम सर्वांत मनासारखं झालं. काळपट थर पूर्ण वाळल्यावर त्यावर नारिंगी जाड दाबून बसवला आणि पालेट नाइफच्या टोकाने ओढलं. नारिंगी मेणाचा बारीक वळसा निघून येतो आणि खालचा काळा दिसतो. पत्र्यावर कुणीतरी खिळ्याने नाव कोरावं, तसे ओरखडे. खालचा थर जरा जरी ओलसर असला तरी दोन्ही थर एकत्र सोलले जातात, म्हणून रात्रभर वाळू दिलं.

२३ मार्च

मोनोप्रिंट, म्हणजे प्लेटवर चित्र काढून त्याची एकच खरी छाप घ्यायची. छापचित्रण करणाऱ्या मैत्रिणीच्या प्रेसवर.

अ‍ॅक्रिलिक शीटला बारीक पॉलिश पेपरने दोन्ही दिशांनी घासून दात आणले, नाहीतर खडू घसरतो. त्यावर गम अरेबिकचा, म्हणजे डिंकाचा, पातळ हात, वाळू दिला. मग बिजागरीचं चित्र थेट शीटवर, कोरड्या खडूने आणि ओल्या ब्रशने दोन्हीने. मी घाईघाईने कागद भिजवायला घेतला तेव्हा ती म्हणाली, “थांब गं, आधी प्लेट पूर्ण वाळू दे. ओली असेल तर प्रेसखाली रंग पसरेल, आणि मग रेषा कुठली नि डाग कुठला, काही कळणार नाही.” तिचं म्हणणं ऐकलं. प्लेट खडखडीत वाळली, कागद भिजवून ब्लॉटिंग पेपरमध्ये दाबून घेतला आणि मग छाप काढली.

कागदातला ओलावा प्लेटवरचा वाळलेला रंग उचलतो. प्रेसच्या दाबाने रंग कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो, त्यामुळे मेणाची तुकतुकी जवळजवळ जाते आणि एक मखमली, खोल पृष्ठभाग मिळतो. हाताने कागदावर काढलेल्या चित्रात तो येत नाही. खडूच्या फटकाऱ्याचा प्रत्येक दाणा मात्र जसाच्या तसा उतरतो. प्रतिमा उलटी येते हे बिजागरीला बाधत नाही. कुलपाला बाधलं असतं.

दुसरी, फिकी छाप काढली तीही ठेवली आहे. तिच्यावर कोरड्या खडूने पुन्हा काम करणार. मालिकेत हे चित्र नक्की.

१३ एप्रिल

पूर्ण झालेली चित्रं राखायची कशी?

थर कायम पाण्याला वश असल्यामुळे ओल्या बोटाचा स्पर्शही डाग पाडतो. ब्रशने व्हार्निश लावायचं नावच नको. पाण्यावर आधारित असेल तर ते रंग ओढूनच नेईल. स्प्रे फिक्सेटिव्हचे (रंग कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे) अगदी हलके हात, मोकळ्या हवेत, चित्र आडवं ठेवून, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू देऊन. चाचणीच्या तुकड्यांवर दिसलं की गडद रंग आणखी एक पायरी गडद होतात आणि कोरडा पांढरा काहीसा पारदर्शक होऊन दबतो. म्हणून शेवटचे पांढरे उजेड फिक्सेटिव्हच्या शेवटच्या हाताआधी थोडे जास्तच ठेवायचे ठरवलं.

स्प्रेने बोटाच्या डागापासून थोडं संरक्षण मिळतं, पाण्यापासून नाही. त्यामुळे काच अटळ. कागदावरच्या जलरंगाची जी शिस्त, तीच इथे: आम्लरहित माउंट, मध्ये पुरेसं अंतर, अतिनील किरण अडवणारी काच. मेणाचा जाड थर काचेला टेकला तर उन्हाळ्यात मऊ होऊन चिकटू शकतो, म्हणून पत्र्याच्या चित्राला माउंटखाली जास्तीची पट्टी देऊन अंतर वाढवणार. प्रदर्शनात दिवे कुठे, किती, तेही आधी विचारणार. कागदावरच्या नाजूक कामासाठी संग्रहालयं ५० लक्सच्या आसपासच, म्हणजे बराच मंद, प्रकाश ठेवतात. आमच्या गंजाच्या रंगांना एवढं जपायची गरज नसली तरी कापसाच्या कागदाला आहे.

२७ एप्रिल

खिडकीतल्या पट्ट्या काढल्या. पुठ्ठा उचलला आणि झाकलेला-उघडा भाग शेजारी शेजारी बघितला.

ऑकर, सिएना, उंबर, तांबडा, काळा: झाकलेल्या आणि उघड्या भागात रेघ शोधून सापडत नाही. निळे बहुतेक ठाम. भडक गुलाबी आणि एक जांभळा स्पष्ट फिके पडले आहेत, आणि चमकदार फ्लुरोसंट तर जवळजवळ कागदाच्या रंगाला आले आहेत. एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी: त्याच गुलाबीचा पाण्याने पातळ केलेला भाग कोरड्या जाड भागापेक्षा जास्त उडाला आहे. पातळ वॉशमध्ये रंगद्रव्याचा कण उघडा पडतो, जाड थरात वरचे कण खालच्यांना आडोसा देतात. म्हणजे ज्या रंगाबद्दल शंका असेल तो वॉशमध्ये तर अजिबात वापरू नये.

गुलाबी, जांभळा आणि फ्लुरोसंट कांड्या संचातून काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या. साखळीच्या चित्रात एका कडीच्या सावलीत जांभळ्याची हलकी झाक होती. ती जागा ओल्या ब्रशने उचलून, टिपकागदाने टिपून, अल्ट्रामरीन आणि उंबरने पुन्हा भरली. हे माध्यम कायम विरघळतं राहतं याचा असा उपयोगही आहे. जलरंगात डाग पाडणारा जांभळा इतका स्वच्छ निघाला नसता.

प्रदर्शनाच्या पाट्यांवर माध्यमापुढे ‘मिश्र माध्यम’ लिहावं, लवकर समजतं, असं आयोजकांनी सुचवलं होतं. मी नको म्हटलं. प्रत्येक पाटीवर ‘पाण्यात विरघळणारे क्रेयॉन, कापसाचा कागद’ एवढंच छापून येईल, आणि बिजागरीच्या पाटीवर त्यापुढे ‘मोनोप्रिंट’. पट्ट्यांची फाइल प्रदर्शनात टेबलावर ठेवणार आहे, कुणाला उघडून बघायची असेल तर. बादलीच्या बुडाचं चित्र अजून फळीवर ताणलेलं आहे. त्याचा दुसरा ओला थर उद्या.